नवऱ्याचा नवस, माझे स्केट्स

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मला जे झालं ते स्केटिंगमुळे झालं नाही. पहिल्याच ओळीत हे सांगायचं कारण असं, की आमच्या अकोल्याच्या जठारपेठेत अजूनही पुष्कळ जणांची तशी पक्की खात्री आहे. भाजी घेताना एक बाई मला म्हणाल्या, "या वयात पायाले चाकं लावले, मग पाय रुसणारच ना." पाय रुसत नसतात हो. डॉक्टरांनी आमच्या ह्यांना समोर बसवून सांगितलं, की महिनाभर आधी माझं पोट बिघडलं होतं, त्या जंतूंशी लढता लढता शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडलं. या आजाराला जीबीएस म्हणतात. मला एवढंच समजलं आणि तेवढंच मी सांगणार आहे. मी गणिताची मास्तरीण, डॉक्टर नव्हे.

हे लिहायला घेतलं त्याचंही कारण आहे. मी दवाखान्यात लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली असताना माझी मुलगी मेघा मोबाइलवर शोधत बसायची, कुणी यातून उठलंय का, आणि त्याने तसं कुठे लिहून ठेवलंय का. जे सापडायचं ते एक तर इंग्रजीत, नाही तर वाचून मोबाइल बंद करावासा वाटेल असं. मला फक्त आपल्याकडच्या एखाद्या बाईच्या तोंडून ऐकायचं होतं, की मी पडले होते आणि आता उठले आहे. ती बाई सापडली नाही, म्हणून तिचं काम मी करते.

चाकांवर परत

माझं माहेर अमरावतीचं. आमच्या लहानपणी घराजवळ सिमेंटची एक रिंक होती आणि वडिलांना मुलींनी मैदानावर जावं असं फार वाटायचं. तिथे मी आणि शाहीन एकाच दिवशी स्केटिंग शिकायला लागलो. शाहीन आमच्या गल्लीच्या टोकाची, चामड्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. लोखंडी चार चाकं, चामड्याचे पट्टे, आणि ते आवळायला एक किल्ली. दोघींत मिळून एकच किल्ली होती, त्यामुळे भांडणंही पुष्कळ झाली. मॅट्रिकनंतर "आता मोठ्या झाल्या पोरी" असं म्हणून दोघींचे स्केट्स माळ्यावर गेले. पुढे दोघींची लग्नं अकोल्यातच झाली. मी शाळेत मुलींना भूमिती शिकवली, तिने तीन मुलं वाढवली. भेटी व्हायच्या त्या ईद आणि दिवाळीला.

मी निवृत्त झाले त्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही दोघी फिरता फिरता मुलांच्या स्केटिंगच्या क्लासच्या रिंकपाशी थांबलो. शाहीन बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "वंदे, आपल्याले जमंल का वं अजून?"

जमलं. पहिल्या आठवड्यात आम्ही स्केटिंग कमी केलं आणि कठडा जास्त धरला, पण पायांना आठवत होतं. मुलं संध्याकाळी यायची, आम्ही सकाळी उन्हाच्या आत जायचो. पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, पायात नवे लेसचे स्केट्स. शाहीनचे मिस्टर रफिकभाई यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. ते आमच्या चाकांचे बेअरिंग ट्रकचे असल्यासारखे गंभीरपणे तपासून द्यायचे. अमेरिकेतला भाचा फोनवर विचारायचा, "मावशी, आइस स्केटिंग करतेस?" मी म्हणायचे, बाबा रे, अकोल्यात मे महिन्यात बर्फ गोळेवाल्याकडेसुद्धा टिकत नाही.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण तोंडाचा फटकळ. "साठी आली अन् बाईले चाकं फुटले," एवढं एकच वाक्य ते येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. रिंकवर एकदाही आले नाहीत. त्यांना माझी लाज वाटते, असं मी धरून चालले होते. वाटेना का, मला फिकीर नव्हती. दिवसातला तो तास माझा होता. त्या तासात मी कुणाची बायको, आई, सासू नसायचे आणि मला वयही नसायचं. इतकं सुख मला नोकरीत मिळालं नाही आणि खरं सांगायचं तर संसारातही नाही.

ऊन लागलं

मे महिना होता. पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आमच्या घरात मेमध्ये माणसाला काहीही झालं की आरोपी दोनच, कूलर आणि ऊन. आधी कूलरवर आळ आला. "रातभर पाय कूलरसमोर ठेवून झोपते, आखडणार नाही त काय," असं म्हणत ह्यांनी माझा पलंग सरकवला आणि हिंग घातलेलं तेल कोमट करून चोळलं. मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या. जिना उतरताना पाय कुठे पडतोय ते खाली बघावं लागायला लागलं. मग कूलर निर्दोष सुटला आणि ऊन लागलं असं ठरलं.

ऊन लागल्यावर ह्यांच्या आई कैरी भाजून तिचा गर तळपायांना लावायच्या. ह्यांनी स्वतः गॅसवर कैऱ्या भाजल्या, गर काढला, माठाशेजारी ठेवून गार केला. मी डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडले होते. बराच वेळ झाला तरी काही होईना, तेव्हा मी विचारलं, "अहो, लावताय ना?"

"काय लावताय ना? दोन्ही पायाले फासून झालं. गार वाटून राहिलं ना?"

मी रुमाल काढून बघितलं. माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत हिरव्या-पिवळ्या गराने माखले होते, खाली टॉवेल भिजला होता, आणि मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. गार नाही, ओलं नाही, त्यांचा हातसुद्धा नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाला चिमटा काढला. मग जोरात काढला. मी म्हटलं, "काढा ना." ते म्हणाले, "काढला."

मी उठायला गेले आणि गुडघे विरघळल्यासारखे झाले. त्यांनी मला धरलं आणि आम्ही दोघं त्या गरातच खाली बसलो. तिथे बसूनच त्यांनी मेघाला फोन लावला.  

ज्यांच्या घरात कैरीचा गर लावतात त्यांना माझी विनंती आहे. गर खुशाल लावा, मला आमच्या सासूबाईंचा राग नाही. पण पायातली ताकद जायला लागली आणि मुंग्या वर चढायला लागल्या, तर आधी डॉक्टर आणि मग कैरी.

हातोडी

अकोल्यातल्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर रबराची छोटी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता, तो तसाच लोंबकळत राहिला. त्यांनी पुन्हा मारली, मग दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा माणसाने समजून घ्यावं.

मेघा अमरावतीला असते. तिच्या ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे अतिदक्षता विभागात जागा होती, म्हणून त्याच दुपारी अॅम्ब्युलन्स निघाली. शाहीन घरचा स्वयंपाक अर्धा टाकून आली आणि माझ्याशेजारी बसली. वाटेतलं मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या हातांच्या बोटांतही मुंग्या आल्या. शाहीनने माझ्या बांगड्या काढून स्वतःच्या हातात घातल्या. मी रडले ते तिथे. अमरावती हे माझं माहेर, आणि माहेरी मी आडवी होऊन चालले होते.

तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. मी विचारलं, "मला चालता येईल?"

"बहुतेकांना येतं, मॅडम. पण वेळ लागतो आणि घाई चालत नाही. सध्या मला तुमच्या पायांपेक्षा तुमच्या श्वासाची काळजी आहे."

हे मध्येच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही स्केटिंग करत होती."

"त्याचा काहीही संबंध नाही, काका."

ह्यांनी मान हलवली. सरकारी नोकरीत वरच्या साहेबाचं न पटलेलं बोलणं ऐकून ते अशीच मान हलवत असणार.

पाढे

अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र यांत फरक नसतो, दिवे कायम चालूच. माझ्या अंगातली हालचाल खालून वर नाहीशी होत होती. पाय गेले, मग हात जड झाले. नाकावर खाज आली तर कुणाला तरी हाक मारावी लागायची. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण मला सगळ्यात जास्त रडवलं ते त्या खाजेने.

श्वास किती उरलाय हे बघायला तिथे एका दमात आकडे मोजायला सांगायचे. मी म्हटलं, एक-दोन-तीन काय मोजायचं, मी पाढे म्हणते. तरुण डॉक्टर हसले, पण त्यांनी मान्य केलं. मग मी एका दमात एकोणतीसचा पाढा म्हणायचे. सकाळी तो पूर्ण झाला. संध्याकाळी अर्ध्यात दम संपला. दुसऱ्या दिवशी त्याहून अलीकडे. डॉक्टर चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हते, पण पाढा कुठे तुटतोय हे मला त्यांच्याइतकंच कळत होतं. घशात श्वासाची नळी घालावी लागेल का, हे मी येईल त्या नर्सला विचारायचे. मी मरणाला घाबरले होते. देव, पुनर्जन्म असलं काही सुचत नव्हतं, फक्त भीती वाटत होती. ज्याला वाटत असेल त्याने ती वाटू द्यावी, त्यात कमीपणा नाही.

बाहेर माझ्या माणसांचं वेगळंच चाललं होतं. काचेच्या दारापलीकडे मेघा बापावर ओरडत असलेली मला ऐकू आली. "बाबा, दोन दिवस तेल चोळत बसलात! मला एक फोन करायला काय झालं होतं?"   मला तिचाही राग आला आणि त्यांचाही, आणि मधल्या काचेचा सगळ्यात जास्त. भेटीच्या वेळी मी मेघाला म्हटलं, "त्यांना बोलू नकोस. मी स्वतः मास्तरीण असून पाय पुढे करून दिले होते ना?" ती रडली आणि बाहेर जाऊन बापासाठी चहा घेऊन आली. त्यांनी तो घेतला नाही. डबाही तसाच परत जायचा. शाहीनने शेवटी दम दिला, "भाईसाब, तुम्ही पडले त तुमाले उचलाले कोणी नाही इथं. खाऊन घ्या."

मग एका सकाळी पाढा आदल्या दिवशी तुटला होता तिथेच तुटला. संध्याकाळीही तिथेच. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की आता उतरण थांबली. औषधाच्या बाटल्या चढत होत्या, त्यांनी काम केलं होतं. नळी लागली नाही. त्या दिवशी एका नर्सने माझे केस धुऊन, विंचरून दोन वेण्या घातल्या. साठीच्या बाईला दोन वेण्या! मी तिला नाही म्हटलं नाही. पुढे कितीतरी दिवसांनी उजव्या पायाचा अंगठा हलला. मी म्हटलं, मीच हलवला. मेघा एवढ्या जोरात "आई!" म्हणून ओरडली, की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना जाग आली आणि त्यांनी विचारलं, "काय झालं, मुलगा की मुलगी?"

पूर्वाचा प्रश्न

पूर्वा ही माझी फिजिओथेरपिस्ट. वय माझ्या विद्यार्थिनींएवढं, बोलणं हेडमास्तरांसारखं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला परत काय करता यायला हवं?"

तिच्याकडच्या बाकीच्या बायका म्हणत, स्वयंपाक, नातवाला उचलणं, देवळाच्या पायऱ्या. मी जरा लाजून म्हटलं, "स्केटिंग."

ती हसली नाही. तिने तिच्या कागदावर लिहिलं आणि म्हणाली, "मग आधी बसायला शिकू." खरोखरच मला बसायला शिकावं लागलं. डोकं तोलून, कुणी न धरता, पलंगाच्या कडेला. मग उभं राहणं. मग दोन बारच्या मधून चालणं, आरशात स्वतःकडे बघत. मी स्वतःवर चिडायचे, तिच्यावर चिडायचे. एकदा तर हाताच्या व्यायामाचा चेंडू फेकून दिला. तो फेकता आला याचंच तिला कौतुक.

पावसाळ्यात मी अकोल्याला परतले, वॉकर घेऊन. ह्यांनी तोवर अंगणात, न्हाणीत, जिन्याला पाइपचे कठडे बसवून ठेवले होते. माझी आंघोळ, माझं जेवण, माझे केस, सगळं हे करत. वेणी घालताना इतकी घट्ट ओढायचे की डोळे ताणले जायचे. "सैल घाला हो." "सैल घातली त सुटते." यावर आमची रोज वादावादी व्हायची, आणि ती मला आवडायची. सकाळ-संध्याकाळ कठडा धरून मी अंगणात चालायचे आणि ते मागे हात पसरून चालायचे. वॉकर गेला, काठी आली. दिवाळी झाली आणि एका सकाळी मी काठी न घेता फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी स्वतः उघडली. रस्त्यावर नेहमीचीच वर्दळ होती, मला मात्र ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

नवस

त्याच दिवशी दुपारी मी म्हटलं, "शाहीनला सांगते, माझे स्केट्स घेऊन ये." रफिकभाईंनी ते ग्रीस लावून दुकानात जपून ठेवले होते.

"ते होणार नाही," हे म्हणाले.

"पूर्वा हो म्हणाली तरच. मी काही उद्याच पळत नाही."

"पूर्वाचा प्रश्न नाही. मी देवीले नवस बोललो आहे."

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू बाहेर आलं. माझा पाढा तुटत होता त्या दिवसांत हे दवाखान्यातून उठून अमरावतीच्याच देवीच्या देवळात गेले होते आणि बोलले होते, की हिला पायावर उभी कर, ही परत जन्मात स्केट्स घालणार नाही.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "नवस तुम्ही बोललात आणि सोडायचं मी? स्वतःचं काही द्यायचं सुचलं नाही का? माझीच वस्तू दिसली?"

 ते खिडकीकडे बघत बोलले. "मह्याजवळ काय होतं वं तिले द्यायले? देवीले काय हलकंसलकं द्यायचं? त्या चाकांइतकं तुले काहीच आवडत नाही. मी पाहत होतो ना."

"तुम्ही कधी पाहिलंत? एकदाही आला नाहीत."

"समोर चहाची टपरी आहे, तिथं बसत होतो. रोज नाही. बरेचदा." आणि मग म्हणाले, "तू फिरताना हात असे पसरते ना, ते मी एवढ्या वर्षाच्या संसारात कधी पाहिलंच नव्हतं."

मला रडू आलं. राग मात्र गेला नाही, हेही सांगते. त्यांनी देवीपुढे घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ठेवली होती, आणि ती माझी होती. मी त्यांना माफ करू शकत होते, पण स्केट्स सोडू शकत नव्हते. आणि ते देवीला दिलेला शब्द मोडू शकत नव्हते. मी पुन्हा पडले तर तो शब्द मोडल्यामुळेच पडले, असं त्यांना वाटणार होतं आणि ते कायम तसंच जगणार होते. घरात अबोला सुरू झाला. ते वेणी घालायचे, मी गप्प. सैल घाला असंही म्हणायचे नाही.

चार-पाच दिवसांनी शाहीन आली. घरातली हवा तिला दारातच कळली. मी तिला सगळं सांगितलं. हे खुर्चीवर पेपर उघडून बसले होते, पान उलटत नव्हते. शाहीन चहा संपेपर्यंत थांबली आणि मग त्यांच्याकडे वळली.

"भाईसाब, एक सांगू? कुर्बानी अपने बकरे की होती है. शेजाऱ्याचं बकरं कापून कोणाले सवाब भेटला, पुण्य लागलं आजपर्यंत?"

पेपर खाली आला. "म्हणजे?"

"म्हणजे तुमची मन्नत होती, तुमचंच काही जायले पायजे. हिचं गेलं त देवीच्या दारात चोरीचा माल नाही झाला का?"

 असं त्यांना दुसरं कुणी बोललं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. ते नुसते म्हणाले, "विचार करतो." आणि पेपर घेऊन अंगणात गेले.

अमरावती

पुढच्या मंगळवारी सकाळी ते मला म्हणाले, "चाल, अमरावतीले जाऊ. पूर्वालेही दाखवून येऊ."

पूर्वाने मला एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले, बाजूने हलकेच ढकलून बघितलं. मग म्हणाली, "स्केट्स संक्रांतीनंतर घाला. गुडघे, कोपरं, मनगटं, सगळ्याला पॅड. कुणीतरी सोबत हवं." मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

देवळात मी खणानारळाची ओटी भरली, आणि देवीला मनातल्या मनात जरा चढ्या आवाजातच सांगितलं, की पायांबद्दल तुझे उपकार, पण बाकीचं तुम्ही दोघांनी बघून घ्या. मी बाहेर पायरीवर येऊन बसले. हे आत बराच वेळ होते. आले ते तोंड पाडून.

"बदलून आलो," म्हणाले.

"म्हणजे काय केलंत?"

"वांगं सोडलं."

 बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, वऱ्हाडी माणसाने वांगं सोडणं म्हणजे काय ते इथे आल्याशिवाय कळायचं नाही. हिवाळ्यात शेतावर गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजतात आणि बरोबर मोठ्या पातेल्यात वांग्याची झणझणीत भाजी असते. त्या भाजीसाठी हा माणूस न बोलावता जेवायला जातो. डब्यात वांगं नसलं की ते मला पूर्वी ऑफिसातून फोन करायचे.

"किती दिवस?"

"दिवस काय विचारते? कायमचं."

"भरीतसुद्धा?"

"भरीत बी," ते म्हणाले आणि गिळल्यासारखं केलं.

"पुजाऱ्यांना विचारलंत, असं बदलता येतं का?"

"पुजाऱ्याचं मधात काय काम? देवीले विचारलं. ती नाही म्हणाली नाही."

येताना एसटीत मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. इतकं हलकं मला आजार सुरू झाल्यापासून वाटलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी वेणी घातली तेव्हा मी म्हटलं, "सैल घाला हो." ते म्हणाले, "सुटते ना मग."

रिंक

संक्रांत झाली. सकाळी ऊन कोवळं होतं आणि रिंकवर कुणी नव्हतं. शाहीनने खाली बसून माझ्या लेस बांधल्या. माझी बोटं अजून बारीक कामाला थोडी जड आहेत, बहुतेक तशीच राहतील, आणि संध्याकाळ झाली की पाय लवकर दमतात. ज्यांना खोटी आशा नको असते त्यांच्यासाठी हे सांगते. हे यावेळी टपरीवर न बसता आत आले आणि कठड्यापाशी उभे राहिले. दोन्ही हातांनी कठडा त्यांनीच धरला होता.

मी एक फेरी कठड्याला धरून मारली. दुसरी शाहीनचा हात धरून. मग हात सोडला.

चाकं फिरायला लागली आणि पायाखालची जमीन मागे जायला लागली. गुडघे वाकले ते आपोआप, वजन डावीकडून उजवीकडे गेलं तेही आपोआप. कानाला गार हवा लागली. मला काही सुचत नव्हतं, फक्त मी जात होते. वळण आलं. मी हात पसरले, वळले, अर्धी वळले, आणि उजवा पाय जरा उशिरा आला. मी सपशेल मागे बसले. चांगला धप्प आवाज झाला.

शाहीन ओरडली. त्याआधीच मला चपलांचा फटफट आवाज ऐकू आला. ज्या रिंकवर चपला घालून यायची कुणाला परवानगी नाही, तिथे आमचे हे चपला घालून धावत आले आणि माझ्यापुढे गुडघे टेकून बसले. तोंड पांढरंफटक. माझा पाय दोन्ही हातांत धरून ते विचारत होते, "लागलं का? कुठं लागलं? सांग ना वं, लागलं का?"

मी जरा थांबले आणि नीट लक्ष दिलं. बसले होते तिथे जबरदस्त ठणकत होतं. तळहाताखाली सिमेंट गार आणि खरखरीत होतं. डाव्या पायाच्या करंगळीला बुटाची शिवण टोचत होती. उजव्या पोटरीत त्यांची बोटं रुतत होती, चांगली रुतत होती.

"लागलं," मी म्हणाले. "अहो, सगळीकडे लागलं!"

आणि मला असं हसू फुटलं, की शाहीनला वाटलं डोक्यावर पडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय सोडला, रिंकवरच मांडी घातली आणि बाहीने तोंड पुसलं. थोडा वेळ आम्ही तिघंही तिथेच बसलो.

शेवटी तेच उठले आणि त्यांनी मला हात दिला.

"ऊठ मंग," म्हणाले. "बसून काय राहिली? ते वळण पुरं कर."